फुल स्कॉलरशिप की मोठं नाव? पावसच्या मुलीला उत्तर

तुझा मेसेज दोनदा वाचला. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीसाठी अमेरिकेतल्या दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक पूर्व किनाऱ्यावरचं. त्याचं नाव ऐकून तुमचे मास्तरसुद्धा खुर्चीतून उठले म्हणतेस. तिथे सवलत शून्य, वर्षाचा खर्च साधारण ९०,००० डॉलर. दुसरं मिडवेस्टमधलं, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातलं, सरकारी विद्यापीठ. गुणवत्तेवर फी पूर्ण माफ, हॉस्टेल आणि जेवणही त्यांच्याकडून, पण तुमच्या पावस गावात ते कुणी ऐकलेलं नाही. बाबा म्हणतात आंब्याची बाग गहाण टाकू, नाव सोडायचं नाही. आणि तू विचारतेस, "ताई, तुम्ही काय केलं असतंत?"

केलं असतं कशाला, केलंय. २००४ साली देवगड तालुक्यातल्या आमच्या घरात हाच प्रश्न होता. तेव्हा नावाजलेल्या ठिकाणचा खर्च वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास, डॉलर पंचेचाळीस रुपयांचा. वडिलांनी सातबारा काढून आणला. त्यावर चौदा नावं. त्यातले सहाजण मुंबईत, एक चुलत आजोबा बडोद्याला, दोघं वारलेले आणि त्यांच्या वारसनोंदी झालेल्याच नाहीत. बँकेतून परत आल्यावर वडील पडवीत बसले आणि एवढंच म्हणाले, "बाय, ह्या जमनीक बँक हात लावची नाय." तेव्हा मला बँकेचा राग आला होता. आज वाटतं, त्या चौदा नावांनी मला वाचवलं.

तुझ्या बाबांचा सातबारा स्वच्छ असेलही. तरी शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घ्यायला बँका सहसा नाखूष असतात. त्यांना फ्लॅट, बिगरशेती जागा नाहीतर मुदत ठेव हवी असते. तारणाशिवाय देणाऱ्या वित्तसंस्था आहेत, पण व्याज चढं. आता हिशेब बघ. ९०,००० गुणिले चार म्हणजे ३,६०,००० डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर तीन कोटी सतरा लाख. यातलं फक्त एक कोटी कर्ज काढलं, बाकीचं कुठून तरी आलं असं समजू (कुठून, ते बाबांना विचार). शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. दहा टक्क्यांनी साधं व्याज धरलं तरी साडेचार वर्षांत पंचेचाळीस लाख. म्हणजे पहिला पगार हातात येईल तेव्हा डोक्यावर एक कोटी पंचेचाळीस लाख, आणि पंधरा वर्षांची मुदत घेतलीस तर महिन्याचा हप्ता दीड लाखाच्या वर. हा हप्ता इथल्या, अमेरिकेतल्या पगारातून जाईल. रत्नागिरीतल्या किंवा पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून जाणार नाही. आणि आंब्याचं तर तुला मी काय सांगू! २०२० ला निसर्ग चक्रीवादळ, २०२१ ला ऐन हंगामात तौक्ते, बाकीच्या वर्षी अवकाळी आणि तुडतुडे. मोहोराच्या भरवशावर दीड लाखाचा हप्ता कुणी बांधत नाही.

नावाला काहीच किंमत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ॲलन क्रूगर आणि स्टेसी डेल या अर्थतज्ज्ञांचा २००२ चा प्रसिद्ध अभ्यास आहे. मोठ्या ठिकाणी प्रवेश मिळूनही कमी नावाजलेल्या कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई सरासरीने तेवढीच निघाली, म्हणजे विद्यार्थी तोच तर पगारही साधारण तोच. पण कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मोठ्या नावाचा फायदा झालेला दिसला, हेही त्यातच आहे. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासातही सरासरी कमाईत फारसा फरक नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता अतिप्रतिष्ठित विद्यापीठांमुळे बरीच वाढते. वॉल स्ट्रीटवरच्या बँका, मोठ्या सल्लागार कंपन्या ठरावीक कॅम्पसवरच जातात, ते खरंच आहे. तुला तिकडे जायचं असतं तर माझं उत्तर इतकं सरळ नसतं. पण तू कोड लिहिणार आहेस, आणि मुलाखतीत फळ्यावर गणित सोडवायला देतात तेव्हा कॉलेजचं नाव मदतीला येत नाही. शिवाय ते सगळे अभ्यास अमेरिकन मुलांवरचे. त्यांना व्हिसाची टांगती तलवार नसते.

तुझं पत्र मात्र नीट वाच, कारण "फुल" या शब्दाखाली इथे बरंच काही खपतं. फुल ट्यूशन (फक्त फी माफ) वेगळं आणि फुल राइड (राहणं-जेवणासकट) वेगळं. तुझ्याकडे राहणं-जेवण आहे, छान. पण आरोग्य विमा कोण भरणार? तो सक्तीचा असतो आणि वर्षाला काही हजार डॉलर सहज होतात. स्कॉलरशिप ठरावीक रकमेची आहे की फीच्या टक्क्यात? रक्कम ठरावीक असेल तर दरवर्षी वाढणारी फी तुझ्या खिशातून. आठ सेमिस्टर मिळणार का? आणि टिकवायला जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, किती? ३.० असेल तर श्वास घेता येतो. ३.५ असेल तर पहिल्या सेमिस्टरला हौसेने सहा विषय घेऊ नकोस. मी घेतले होते. घसरले, तेव्हा एक सेमिस्टर प्रोबेशनवर, म्हणजे गुण सुधारायच्या ताकिदीखाली काढलं आणि घरी कुणाला कळू दिलं नाही. आजही आईला माहीत नाही, तर तूही बोलू नकोस.

दोन गोष्टी मला कुणीच सांगितल्या नव्हत्या. एक, डिसेंबरात हॉस्टेल बंद होतं. बाहेर उणे पंधरा, गावात बस नाही, आणि वॉर्डनने किल्ली परत मागितली. एका नेपाळी मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर तीन आठवडे झोपले. सुट्टीत राहायची सोय आहे का, हे आजच विचारून घे. दुसरी गोष्ट आयकराची. ट्यूशन आणि पुस्तकांपुरती स्कॉलरशिप करमुक्त असते, पण राहण्या-जेवणाचा भाग अमेरिकेच्या आयकर खात्याच्या लेखी उत्पन्न. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांच्या त्या भागावर विद्यापीठ १४ टक्के कापतं. सप्टेंबरात ते बिल आलं तेव्हा मला वाटलं, आपल्याला फसवलं. मग एका सीनियरने सांगितलं की १९८९ च्या भारत-अमेरिका कर-कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक रकमेची सरसकट वजावट, घेता येतं. बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. २०२४ सालासाठी ही रक्कम १४,६०० डॉलर होती, म्हणजे राहण्या-जेवणाचा बराचसा भाग त्यातच बसतो. वर्ष संपल्यावर १०४०-एनआर हा आयकर विवरणाचा फॉर्म भरायचा, कापलेले पैसे बहुधा परत येतात. पण तोपर्यंत ते हाताशी लागतात. म्हणून निघताना दीड-दोन हजार डॉलर जवळ ठेव.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मी २००८ च्या मेमध्ये पास झाले. त्या वर्षी मंदी कशी आली ते तू कुठेतरी वाचलं असशीलच. हातातली नोकरी जॉइन होण्याआधीच गेली. पदवीनंतरच्या कामाच्या परवान्यात, ओपीटीत, नव्वद दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही, हा नियमही त्याच वर्षी एप्रिलात आला होता. माझ्याबरोबरच्या, कर्ज काढून आलेल्या मुलांनी मिळेल ते धरलं, पगार न देणाऱ्या कन्सल्टन्सींच्या नादी लागले, कारण परत जाणं त्यांना परवडणारंच नव्हतं. मी बॅग भरली आणि घरी आले. २००९ चा अख्खा हंगाम वडिलांबरोबर आंब्याच्या पेट्या भरल्या, संध्याकाळी अर्ज लिहिले, आणि ऑगस्टमध्ये असिस्टंटशिपवर (विद्यापीठात काम करायचं, बदल्यात फी माफ) एमएसला परत गेले. ते विद्यापीठ तुमच्या मास्तरांनाही माहीत असेल. पण त्याचे पैसे मला भरावे लागले नाहीत.

इथले नियम बदलतात तेव्हा कुणी विचारत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. इथे शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना नंतर बऱ्यापैकी वगळलं, पण मधल्या काही आठवड्यांत माझ्या ऑफिसातल्या दोन मुलांची झोप उडाली होती. दोघांवर कर्ज होतं. तिसरा, स्कॉलरशिपवर शिकलेला, शांतपणे बंगळुरूच्या नोकऱ्या बघत बसला होता.

तेव्हा मी तुझ्या जागी असते तर मिडवेस्ट, एकाच अटीवर: पत्रातल्या गोष्टी लेखी पक्क्या झाल्या तर. प्रवेश घेणार की नाही ते कळवायची शेवटची तारीख बहुतेक ठिकाणी १ मे असते. त्याआधी ऑनर्स कॉलेजात (हुशार मुलांसाठीच्या वेगळ्या विभागात) जागा आहे का, आणि पहिल्या वर्षापासून प्राध्यापकांच्या लॅबमध्ये काम मिळतं का, हेही ईमेलने विचार. स्कॉलरशिपवर आणलेल्या मुलांना अशा ठिकाणी जरा लाडाने वागवतात. मोठ्या नावाच्या विद्यापीठात तू हजारातली एक असशील, मिडवेस्टला प्राध्यापक तुला नावाने ओळखतील. मला पुढच्या प्रवेशाला त्या शिफारसपत्रांचाच उपयोग झाला.

बाबांशी मी बोलते. आत्ता नको, ऐन हंगामात त्यांना फोन घ्यायला सवड नसेल. रविवारी रात्री, तुमच्या नऊ वाजता. तोपर्यंत त्या पत्राची दोन्ही पानं फोटो काढून पाठव, मागची बारीक अक्षरातलीसुद्धा. आणि येताना कोकमाच्या आगळाची बाटली आणणार असशील तर झाकणाला मेण लाव, वर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. माझ्या सगळ्या पांढऱ्या कुडत्यांचा रंग चार वर्षं गुलाबी होता.