‘नियमित’ भांडवलशाही की ‘नियंत्रित’?

निपाणीच्या एका वाचकाने विचारलं आहे: एका कन्नड पत्रकाच्या मराठी तर्जुम्यात ‘समाजवाद आणि नियमित भांडवलशाही यांचा समतोल’ असा मथळा आला. मूळ कन्नडात ‘नियंत्रित बंडवाळशाही’ होतं. ‘नियमित’ चालेल का? आणि भांडवल हा शब्द मुळात कन्नड का?

‘नियमित’ नको. मराठी कानाला तो ‘ठरल्या वेळी, न चुकता’ असाच लागतो: नियमित हप्ते, नियमित पाणीपुरवठा. नियमित भांडवलशाही म्हणजे रोज सकाळी दुधासारखी दारात येणारी भांडवलशाही!

मग मूळचा ‘नियंत्रित’ तसाच ठेवावा? घाई नको. कन्नडात ‘नियंत्रण’ दोन्ही कामं करतो. बाजार समितीच्या बाजारालाही तिथे ‘नियंत्रित मारुकट्टे’ म्हणतात. मराठीत मात्र नियंत्रण आणि नियमन वेगळे ठेवता येतात, आणि दोन्हींचे नमुने बेळगाव जिल्ह्यातच सापडतात. गंमत म्हणजे दोन्ही कायदे १९६६ चे.

एक, केंद्राचा ऊस (नियंत्रण) आदेश. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, दिल्लीत ठरतो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) तो क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० आहे. कारखाना संकेश्वरच्या हिरण्यकेशीसारखा सहकारी असो की खासगी, त्याखाली उतरता येत नाही. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, नाहीतर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज. इथे किमतीलाच हात घातला आहे, म्हणून हे नियंत्रण.

दुसरा, कर्नाटकचा कृषी उत्पन्न बाजार कायदा. मार्केट यार्डात बटाट्याचा सौदा निघतो तेव्हा परवाना कुणाला, बोली कशी, वजन कसं, अडत किती, हे नियम सांगतात. भाव मात्र बोलीतूनच निघतो. हे नियमन. उसाच्या आदेशालाही नियमनाची बाजू आहेच (१४ दिवसांची अट तीच), पण त्याला नाव मिळालं ते दर बांधण्यावरून.

तेव्हा पत्रकात दर बांधणं, कोटा ठरवणं असं काही सुचवलं असेल तर ‘नियंत्रित’ ठेवा. मक्तेदारीला आळा, कामगार कायदे, बँकांवर देखरेख एवढंच असेल तर ‘नियमनाधीन भांडवलशाही’ लिहा. ओघात ‘नियमांच्या चौकटीतली भांडवलशाही’ अधिक सहज वाटते. सरकारी मराठीत यालाच ‘विनियमन’ म्हणतात. तो वापरलात तर छपाईआधी डोळ्यांत तेल घालून बघा, कारण त्याचा हमखास ‘विनिमय’ होतो, आणि विनिमय म्हणजे देवाणघेवाण.

आता भांडवल. संस्कृतात ‘भाण्ड’ म्हणजे भांडं आणि विक्रीचा मालही. मराठी भांडवल आणि कन्नड बंडवाळ दोन्ही त्याच घरातले दिसतात. ठेठ कन्नड उच्चारात महाप्राण, म्हणजे ख, भ यांतला ‘ह’चा जोर, टिकत नाही, म्हणून भ चा ब. तेव्हा नुसत्या सारखेपणावरून एकाला दुसऱ्याचं कर्जदार ठरवू नये. ‘शाही’ तर दोघांनाही परका, फारसी.

त्या ‘शाही’मुळे मथळ्यात एक बारीक झुकाव येतो. समाजवाद हा ‘वाद’, म्हणजे विचार. भांडवलशाही ही ‘शाही’, म्हणजे कुणाची तरी सत्ता. हिंदीत पूंजीवाद आणि समाजवाद दोन्ही ‘वाद’, म्हणून तिथे तराजू सरळ राहतो. लोकशाहीत हाच प्रत्यय आदराने बसतो हे खरं, पण हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही यांच्या रांगेत भांडवलशाही आधीच आरोपी वाटते. ‘भांडवलवाद’ मराठीत रुळलेला नाही, तो मुद्दाम घडवू नये. तटस्थ मथळा हवा असेल तर ‘संमिश्र अर्थव्यवस्था’ हा जुना, कळणारा शब्द आहे.

तर्जुमा करणाऱ्याला आणखी एक खड्डा: कन्नडात ‘बंडवाळशाहिगळु’ हे माणसांनाही म्हणतात. मराठीत ते भांडवलदार. शिवाय ‘भांडवल करणं’ म्हणजे आपल्याकडे एखाद्या गोष्टीचा स्वार्थासाठी फायदा उठवणं. कन्नडात ‘बंडवाळ बयलु’ झालं म्हणजे माणसाचं खरं रूप बाहेर आलं. त्याचं मराठी ‘भांडवल उघडं पडलं’ असं करू नका. आपल्याकडे उघडं पडतं ते पितळ.