फोरसिथिया फुलत नाही? खत राहू द्या, नोव्हेंबरातला ट्रिमर थांबवा

तुमची पोस्ट वाचताना आमच्या वसाहतीच्या असोसिएशनची (घरमालकांच्या संघटनेची) जुनी पत्रं आठवली आणि रक्तदाब जरा वाढलाच. तुम्ही लिहिताय: शिकागोजवळ घर, कडेला फोरसिथियाची, म्हणजे वसंतात पिवळं फुलणाऱ्या झुडपांची, रांग. समोरच्यांकडे एप्रिलमध्ये पिवळाधमक, तुमच्याकडे तीन वर्षं नुसता पाला. लॉनवाला दर नोव्हेंबरात सगळं 'नीट गोल' करून जातो, आणि तुम्ही विचारताय खत कोणतं घालू. कुठलंच नको. लॉनवर मारलेलं नायट्रोजन मुळांपर्यंत जात असेल तर तेही लांब ठेवा, पाला त्यानेच माजतो. ऊन, निचरा वगैरे तुम्ही बघितलंच असेल.

तुमची एप्रिलची फुलं तो माणूस नोव्हेंबरात कापून पिशव्यांत भरून नेतो, इतकं ते सरळ आहे. फोरसिथिया, लायलॅक, मॅग्नोलिया, अझेलिया, पिअरिस ही लवकर फुलणारी झाडं कळ्या आदल्या उन्हाळ्यातच भरून ठेवतात. तुम्ही मूळचे निफाडचे, म्हणजे द्राक्षबाग पाहिलेली असणार. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी येते तिच्यातच माल तयार होतो, आणि ऑक्टोबरात काडीवर कुठे कात्री लावायची ते बघून ठरवतात. इथेही माल काडीतच असतो. फक्त खरड छाटणीची वेळ म्हणजे फुलं ओसरल्यावरचे दोन-तीन आठवडे, आणि ऑक्टोबरची छाटणी अजिबात नाही. 'थंडीत छाटायचं' ही आपली सवय मोगऱ्याची आहे. त्याला फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे तिथे ती बरोबरच. इथल्या झाडांत रोझ ऑफ शॅरन किंवा पॅनिकल हायड्रेंजिया त्या जातीचे, ते थंडी सरता सरता खुशाल छाटा.

आता आमचं रामायण. आम्ही न्यू जर्सीत. टाउनहाऊसच्या पुढची झुडपं असोसिएशनच्या 'देखभाली'त येतात. सप्टेंबरात पत्र आलं: झुडूप खिडकीच्या चौकटीवर गेलंय, कमी करा, नाहीतर दंड. मी लिहिलं की आता कापलं तर वसंतात फुलणार नाही, मे महिन्यात मीच खाली आणते. उत्तर काय, तर कंत्राटदाराचं वेळापत्रक ठरलेलं आहे. नोव्हेंबरात आम्ही कामावर असताना ट्रिमर (झुडपं सपाट कापायचं यंत्र) फिरला आणि फोरसिथियाचा खोका झाला. शेजारचा लायलॅकही त्याच उंचीला. एप्रिलमध्ये बुडाशी, जिथे ट्रिमर पोचला नव्हता, तिथे तेवढी चार फुलं. खरी गंमत पुढे आहे. मे महिन्यात त्याच कचेरीतून पत्र: 'तुमचं झुडूप मृतप्राय दिसतं, स्वखर्चाने बदला.' ज्यांनी कापलं त्यांनीच विचारलं फुलत का नाही! फोन केला की कचेरीतल्या बाई म्हणायच्या, मी फक्त पत्रं पाठवते. कंत्राटदार म्हणायचा, मला यादी येते तसं मी करतो. यादी कोण करतं ते आजतागायत कळलेलं नाही. त्या कचेरीत एकालाही फोरसिथिया आणि बॉक्सवूड (कापून आकार द्यायचं हिरवं झुडूप) यांच्यातला फरक माहीत नव्हता आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती, हे माझं ठाम मत आहे.

यातून सुटलो ते भांडून नाही. इथल्या रटगर्स विद्यापीठाच्या विस्तार सेवेचे (लोकांना शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या विभागाचे) मास्टर गार्डनर, म्हणजे प्रशिक्षित स्वयंसेवक, काउंटीवार हेल्पलाइन चालवतात. त्यांच्याकडून छाटणीच्या वेळांची माहिती लेखी घेतली आणि 'माझी झुडपं ट्रिमिंगमधून वगळा, देखभाल माझ्याकडे' असा अर्ज त्यासोबत जोडला. विद्यापीठाचं नाव दिसल्यावर अर्ज हलला. तुमच्याकडे इलिनॉय विद्यापीठाची अशीच सेवा आहे. तुमचा लॉनवाला तर तुमच्याच पगारावर आहे, त्याला तोंडी सांगून भागेल असं वाटेल. पण तोंडी सांगणं टोळीतल्या नव्या मुलापर्यंत पोचत नाही. कराराच्या कागदावर लिहून घ्या आणि ऑक्टोबरात झुडपांना लाल फीत बांधा. (मी वकील नाही. असोसिएशन असेल तर तिचे नियम आधी वाचा, प्रत्येकाचे वेगळे असतात.)

आत्ता मार्चमध्ये काय? काहीही कापू नका. एक काडी हातात घ्या. बारीक, चपट्या डोळ्यांतून पानं येतील. फुलांच्या कळ्या जरा फुगीर, बऱ्याचदा दोन-चार एकत्र असतात. एखादी नखाने उभी चिरा. आत हिरवट असेल तर जिवंत, तपकिरी कोरडी असेल तर थंडीने मेलेली. तुमच्याकडे ही शक्यताही धरायला हवी. नेहमीच्या जातींच्या कळ्या साधारण उणे १० ते उणे १५ अंश फॅरनहाइटपर्यंत तग धरतात, आणि ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे २३ ला गेला होता. अशा हिवाळ्यानंतर बर्फाखाली झाकलेल्या फांद्याच तेवढ्या फुलतात आणि वरचं झुडूप बोडकं राहतं. हे वारंवार होत असेल तर 'मेडोलार्क'सारखी काटक जात लावा. पण समोरच्यांचा फुलतोय, त्यामुळे माझा संशय ट्रिमरवरच.

फुलं ओसरली की सिकेटर आणि छोटी करवत घ्या, हेज ट्रिमर नव्हे. सर्वांत जुनी, जाड खोडं, एकूण खोडांच्या पाव ते एक-तृतीयांश, थेट जमिनीलगत काढा. दर वर्षी एवढंच. शेंडे खुडत बसू नका, त्याने वर काड्यांचं जाळं होतं आणि बूड रिकामं राहतं. जुलै लागला की हात आखडता घ्यायचा. यंदा फुलं कमीच दिसतील, कारण माल गेल्या नोव्हेंबरातच गेलाय. लायलॅक असेल तर आणखी धीर धरा, तो फारच सावकाश सावरतो.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कळ्या भरलेलं झुडूप असेल तर फेब्रुवारीत गोठण नसलेल्या दिवशी चार फांद्या कापून कोमट पाण्यात, घरातल्या थंडशा खोलीत ठेवा. एक ते तीन आठवड्यांत फुलतात. २०२४ ला पाडवा ९ एप्रिलला होता तेव्हा गुढीला अंगणातलीच फोरसिथिया बांधली, पण पाडवा मार्चात असला की फांद्या आधी घरात आणाव्या लागतात. शिवाय फोरसिथिया फुलला की लॉनमध्ये क्रॅबग्रास या तणाचं प्रतिबंधक औषध टाकायची वेळ झाली, असा इथला जुना ठोकताळा आहे. औषध वापरत असाल तर. मी वापरत नाही, आणि लॉनवाल्यांना ते आवडत नाही.

कोणी त्याजागी ब्रॅडफर्ड पेअर (शोभेचा वृक्ष) सुचवलं तर मात्र नको म्हणा. लवकर आणि पांढराशुभ्र फुलतो, पण वास मासळीसारखा, फांद्या वादळात फाटतात, आणि रोपं रानभर पसरतात म्हणून ओहायोने २०२३ पासून त्याची विक्रीच बंद केली आहे. झाडाखाली सावलीत काही हवं असेल तर हेलेबोर हे बुटकं फुलझाड लावा. विषारी आहे, त्यामुळे हरणं तोंड लावत नाहीत. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर तोच मुद्दा उलटाही होतो, ते तुम्ही बघा.

फोटो टाकणार असाल तर बुंध्याचा जवळून टाका, आणि एका काडीचा. लांबून घेतलेल्या पूर्ण रांगेच्या फोटोवरून काही सांगता येत नाही.