मोझॅकसाठी टाइल आणि काच कापायला कोणतं हत्यार घ्यावं? की सरळ ग्राइंडरच घेऊ?

ग्राइंडर घेऊ नका. प्रश्नात तो शब्द दिसला म्हणूनच लिहायला बसले.

आमच्या बाबांनी मुंबईत गच्च्यांवर चायना मोझॅक करण्यात उभा जन्म घालवला. पांढऱ्या टाइल गोणपाटावर पालथ्या घालायच्या, हातोडीने फोडायच्या आणि तुकडे ओल्या मालात बसवायचे. कोपरा किंवा पाइपाची गोलाई आली की मग पक्कड, म्हणजे टाइल निपर. त्यांची पक्कड आता माझ्याकडे आहे. मुठींना सायकलची ट्यूब गुंडाळलेली, जबड्यातल्या कार्बाइडच्या एका पट्टीचा कोपरा उडालेला.

ते गेल्यावर गावच्या घरचं तुळशीवृंदावन त्यांच्याच उरलेल्या टाइलांनी मढवायचं मी ठरवलं. समोर मोर काढायचा होता. दादा चार इंची ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने कापणारं मशीन, घेऊन आला. अर्ध्या तासात त्याने सहा टाइल चिरल्या. प्रत्येक चिरेच्या दोन्ही बाजूंनी ग्लेझचे, म्हणजे वरच्या चकचकीत थराचे, टवके उडालेले, निळी काच तापून मधोमध तडकलेली, आणि धुरळा थेट आईच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर. ही धूळ साधी नसते. टाइल कोरडी कापली की सिलिका उडते आणि ती फुप्फुसात बसते. मी त्याला थांबवलं, तो चिडून निघून गेला, आणि पुढचे अकरा दिवस मी पक्कड घेऊन पायरीवर बसले.

भिंतीच्या सिरॅमिक टाइलला निपरच हवा. नवखे लोक जबडा पार आत घालतात आणि तुकड्याचा भुगा होतो. कडेवर दोन-तीन मिलिमीटरच धरा आणि दाबा, तडा आपोआप पुढे जातो. गोलाई एका दमात काढू नका, बाहेरून आत कुरतडत या.

काचेच्या 20 मिलिमीटरच्या टाइलांना मात्र दोन चाकांचा निपर घ्या. चाकं कडेच्या मध्यावर काटकोनात टेकवा, दुसरं टोक बोटांत धरा, दाबलं की टाइल सरळ दुभंगते. धार गेली म्हणून तो टाकून देणारे मी पाहिलेत. अहो, स्क्रू सैल करून चाकं किंचित फिरवा, कोरी धार समोर येते.

मोठ्या काचेला आणि आरशाला काच कापायचं हातातलं कटर. रॉकेलचं बोट लावून एकदाच, एकाच दाबाने ओढा. ‘चर्र’ असा सलग आवाज आला पाहिजे. त्याच रेघेवर पुन्हा कटर फिरवलंत तर काचही जाते आणि कटरचं चाकही. आरशावर रेघ काचेच्या बाजूने मारायची, पाऱ्याच्या नाही.

दादाचं म्हणणं, हाताने कापणं जुनाट. इटलीत रॅव्हेनाला सहाव्या शतकातली मोझॅक आजही झळकतायत. तिथले कारागीर अजूनही ओंडक्यात उभी छिन्नी रोवून, तिच्यावर काच धरून, वरून हातोडी मारतात. त्यांना मशीन मिळत नाही म्हणून नव्हे. हातोडीने फुटलेल्या काचेचा ताजा पृष्ठभाग प्रकाश जसा फेकतो, तसा घासलेला फेकत नाही.

हो, एक राहिलंच. जमिनीची विट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल असेल तर निपरने फक्त मनगट दुखेल, तिला पाणी सोडत कापणारं मशीन लागतं. एवढ्यापुरतं दादाचं खरं. आणि चष्म्याशिवाय एकही तुकडा तोडू नका, काचेची कपची डोळ्याच्या दिशेनेच येते.

मोराच्या मानेतला सगळ्यात लहान तुकडा माझ्या करंगळीच्या नखाएवढा आहे. दादा अजून म्हणतो, मशीनवर दोन दिवसांत झालं असतं. तेवढा तुकडा फिरत्या चकतीपुढे कोणत्या बोटांनी धरला असता, ते त्याने मला सांगावं.