अमेरिकेत इकॉनॉमिक्स करायचंय? आधी सीआयपी कोड बघ

पुण्यातून बी.ए. इकॉनॉमिक्स झाल्यावर एम.एस.ला अमेरिकेत यावं की बाबा म्हणतात तसं एमबीए करावं, असं तू विचारलंयस. मी इथे अमेरिकेत शार्लटला एका बँकेत क्रेडिट रिस्कमध्ये (कर्ज बुडण्याचा धोका मोजणाऱ्या विभागात) आहे, त्यामुळे माझं उत्तर नोकरीकडे झुकलेलं असणार, हे धरून चाल.

युनिव्हर्सिटीच्या नावाआधी कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकन सरकारच्या यादीतला त्या विषयाचा क्रमांक, बघ. तो आय-२० वर, म्हणजे स्टुडंट व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या फॉर्मवर, छापलेला असतो. ४५.०६०१ म्हणजे साधं इकॉनॉमिक्स, ४५.०६०३ म्हणजे इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स (संख्याशास्त्र वापरून केलेलं इकॉनॉमिक्स). दुसरा कोड स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मोडतो, म्हणून १२ महिन्यांच्या ओपीटीवर (शिकून झाल्यावर स्टुडंट व्हिसावरच नोकरी करायची मुभा) आणखी २४ महिने मिळू शकतात. शिकवतात बरंचसं तेच, पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या दरवर्षीच्या लॉटरीत एकदाच नाव टाकायचं की दोन-तीनदा, हे त्या कोडवर ठरतं. कित्येक डिपार्टमेंट्सनी उगाच नाही कोड बदलून घेतला! वाढीव मुदतीसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याला इथे कामाची परवानगी आहे का, हे तपासायची सरकारी व्यवस्था) असावी लागते, छोट्या कंपन्यांत तिथे अडतं.

आता काम. बेरोजगारी वाढली, घरांच्या किमती पडल्या तर किती कर्जं बुडतील, याची मॉडेल्स आम्ही बांधतो. २००८ च्या पडझडीनंतर, २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने मोठ्या बँकांवर स्ट्रेस टेस्टचं (अशा वाईट काळात बँक तगेल का, हे तपासायचं) बंधन आलं आणि इकॉनोमेट्रिक्सवाल्यांची मागणी वाढली. एक टीम मॉडेल बांधते, दुसरी त्यातल्या चुका काढते. (खवचट माणसांनी दुसरीत जावं.) मुलाखतीत थिअरी फार कोणी विचारत नाही, रिग्रेशन, एसक्यूएल, पायथन विचारतात.

आपल्याकडे फारशी माहीत नसलेली वाट म्हणजे इकॉनॉमिक कन्सल्टिंग. कंपन्यांचं विलीनीकरण कोर्टात गेलं की ग्राहकांना त्याचा किती फटका बसेल, हे आकड्यांत मांडायचं. बोस्टन, वॉशिंग्टनला अशा फर्म्स बऱ्याच आहेत.

पीएच.डी.च करायची असेल तर एम.एस.वर लाखो रुपये घालू नकोस. चांगल्या ठिकाणी पीएच.डी.ला फी माफ असते, वर स्टायपेंड. मात्र पाच-सहा वर्षं जातात आणि रिअल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलसच्या पुढचं, सिद्धतांचं गणित) झालेलं नसेल तर अर्ज लंगडा पडतो. गोखले इन्स्टिट्यूटचं एम.एस्सी. तुझ्या गावातच आहे, ते आधी तोलून बघ.

एमबीए सध्या नको. इथल्या चांगल्या बी-स्कूल्सना आधी नोकरीचा अनुभव लागतो.

लिनिअर अल्जेब्रा आणि स्टॅटिस्टिक्स कितपत झालंय ते कळव, मग युनिव्हर्सिटीची नावं सुचवते.