62 मधूनच खेळ

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. तायक्वांदोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी 62 किलो गटातच राहायचं की वजन तोडून 57 मध्ये उतरायचं, एवढंच विचारलंयस. 62 मधूनच खेळ. पण कारणं पटली नाहीत तर स्पर्धा जवळ आली की तू पुन्हा जेवण सोडशील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

महिलांचा लाइटवेट म्हणजे 57 च्या वर आणि 62 पर्यंत. जागतिक स्पर्धेत महिलांचे आठ वजनगट असतात. ऑलिंपिकमध्ये चारच: 49, 57, 67 आणि 67 च्या वर. तिथे 62 नाहीच. त्यामुळे या गटातली मुलगी कधी ना कधी काट्यावर उभी राहून ‘खाली की वर’ असा हिशेब करतेच, आणि बहुतेकींना खाली जायचं असतं. खालच्या गटात आपण मोठ्या ठरू असं वाटतं ना! पण तिथे कोण भेटतं ते बघ. पॅरिस 2024 मध्ये 57 चं सुवर्ण घेणारी कोरियाची किम यू-जिन 183 सेंटिमीटर उंच आहे. पाच किलो उतरवून तुझे पाय लांब होणार नाहीत, तू दमशील मात्र. त्यापेक्षा आयव्हरी कोस्टच्या रूथ ग्बाग्बीचा मार्ग बघ. रिओ 2016 ला 67 मध्ये कांस्य, 2017 ला कोरियातल्या मुजूत 62 ची जगज्जेती, टोकियोत पुन्हा 67 चं कांस्य. ऑलिंपिकचा विचार करायचाच असेल तर तुझ्यासाठी वाट वर जाते, आणि ती ताकद वाढवत, दोनेक वर्षं घेऊन चालायची आहे.

वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. काही जणी पाणी तोडून काट्यावर उभ्या राहतात आणि रात्रीत सगळं भरून काढतात. हे थांबावं म्हणून लढतीच्या सकाळी सोडतीनं काही खेळाडूंची नावं काढून त्यांचं पुन्हा वजन करतात. तेव्हा गटाच्या मर्यादेवर पाच टक्के चालतात, म्हणजे तुला 65.1. मला विचारशील तर तुला या नियमाची आठवणही यायला नको. रोज उठल्यावरचं वजन लिहून ठेव आणि शेजारी पाळीच्या तारखा लिही. पाळीआधी शरीरात पाणी धरतं, किलोभर वाढतंही. ती चरबी नाही, त्यासाठी घाम काढणारा सॉना सूट घालून पळायचं नाही. आणि पाळीच बंद झाली तर ‘बरं झालं’ म्हणू नकोस, सरळ डॉक्टर गाठ. तू खातेस त्यापेक्षा जास्त खर्च करतेयस, याची ती बहुधा पहिली खूण असते.

आता लढतीबद्दल. 2022 पासून तीनपैकी दोन राउंड जिंकणारी जिंकते, गुणांची एकूण बेरीज कोणी विचारत नाही. तुझ्या जुन्या व्हिडिओंत तू एक राउंड हातचा गेला तरी शेवटच्या सेकंदापर्यंत जीव तोडून दोन-दोन गुण गोळा करतेस. कशाला? किम यू-जिननं पॅरिसच्या उपांत्य फेरीत चीनच्या लुओ झोंगशीला हरवलं, ते राउंड 7-0, 1-7 आणि 10-3 असे झाले. दुसरा राउंड गेला तो गेला, तिसऱ्यात पायात दम होता. राउंड गेलाच असेल तर गम-जेओम, म्हणजे नियमभंगाचा दंड, घेऊ नकोस, दुखापत करून घेऊ नकोस आणि समोरची कुठल्या पायावर भार टाकते ते बघून घे. एक मिनिटाच्या विश्रांतीत कोच तेच विचारतील.

हा सल्ला अगदी जवळच्या राउंडला लागू नाही. गुण समान राहिले तर आधी कोणाचे फिरून मारलेल्या किकचे गुण जास्त आहेत ते बघतात. तुझी बॅक किक चांगली आहे, पण तू ती सरावात ठेवून येतेस. अंगावरची साधी किक दोन गुणांची, डोक्यावरची तीन, ठोशाचा एक. फिरून मारलेलीला त्याहून जास्त, शिवाय बरोबरीत तीच वाचवते.

पुढच्या पायानं अडवून ठेवायची सवय मात्र सोड. पाय तीन सेकंदांपेक्षा जास्त हवेत धरून समोरचीला रोखलंस की गम-जेओम, म्हणजे तिला फुकटचा गुण. असे पाच झाले की राउंडच गेला. तुझ्या मागच्या स्पर्धेतले निम्मे गम-जेओम याच पायाचे होते. पाय उचललास तर मार, नाहीतर खाली ठेव.

किकची नोंद करणाऱ्या सेन्सरच्या सॉक्सकडे कोणी लक्ष देत नाही, त्याचंही सांगते. तुला मोठा सॉक्स घालायला आवडतो, पण तो किक मारता मारता फिरतो, सेन्सर तळव्याकडे सरकतो आणि पावलाच्या वरच्या भागानं मारलेली किक बोर्डावर दिसतच नाही. मग तू पंचांकडे बघत राहतेस. घट्ट साइज माग. मॅटवर जाण्याआधी सेन्सर पावलावर जिथे असायला हवेत तिथेच आहेत ना, हे हात लावून बघ. होगूची, म्हणजे छातीवरच्या संरक्षक कवचाची, दोरी कोचकडून पुन्हा बांधून घे, सैल होगू वर सरकला की किक कुठे लागली तेच कळत नाही.

पुढच्या तीन आठवड्यांची सकाळची वजनं आणि शेवटच्या दोन लढतींचे व्हिडिओ पाठव. व्हिडिओ कापून नको, हरलेला राउंडही पूर्ण हवा.

तुझी,
ताई