ग्राफीनने कॅन्सरवर उपचार होतात का? कोल्हापुरात मिळतील का?

आत्याची केमो चालू आहे, शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा विभाग आहे, तर तिथे चौकशी करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. तिथे शिक्षण आणि संशोधन चालतं, पेशंट तपासत नाहीत.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर. गाइम आणि नोव्होसेलोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये तो चक्क चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोलून काढला आणि २०१० चं नोबेल मिळवलं. कॅन्सरच्या संशोधकांना त्याची ओढ पृष्ठभागामुळे. हिशेबाने एका ग्रॅमला सुमारे २,६०० चौरस मीटर, म्हणजे पंचवीसेक गुंठे! डॉक्सोरुबिसिनसारखं केमोचं औषध त्यावर दोन्ही बाजूंनी चिकटतं, गाठीतल्या आम्लतेत सुटू लागतं. वरून ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर सोडला की थर तापतो आणि आसपासच्या पेशी मरतात. निदानातही उपयोग आहे: चमकणारा डीएनएचा धागा ग्राफीन ऑक्साइडवर (ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनवर) बसला की विझतो, नमुन्यात हवा तो रेणू भेटला की सुटून परत चमकतो.

पण हे बहुतेक उंदरांवर. लेसर फार खोल पोचत नाही, थर यकृतात आणि प्लीहेत साठतात. मला काळा फॉस्फरस (त्याचेही असेच पातळ थर निघतात) जास्त आशेचा वाटतो, कारण शरीरात त्याचं फॉस्फेट होतं. मात्र हवेत तो टिकत नाही.

आज मिळणारं एक नॅनो औषध म्हणजे लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कुप्यांत भरलेलं डॉक्सोरुबिसिन, अमेरिकेत १९९५ पासून मान्य. ते ग्राफीनसारखं सपाट थराचं, म्हणजे द्विमितीय, नाही. आत्यांना चालेल का, हे त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारा. कुणी ‘ग्राफीनचे थेंब’ विकायला आलं तर दारातूनच वाटेला लावा.