हाफ-टन पिकअपला मागे एअर बॅग बसवून बोट ओढावी का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: फोर्डच्या एफ-150 या हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या पिकअपला 21 फुटी बोटीचा ट्रेलर जोडला की ट्रक मागून बसतो, नाक वर जातं, समोरून येणारे रात्री हेडलाइट मारून राग काढतात. मागच्या पाट्यांना एअर बॅग (हवा भरायच्या रबरी पिशव्या) लावल्या तर भागेल का?

भागेल. पण बॅगा मागवायच्या आधी एकदा वजनकाट्यावर जाऊन या. मी मिशिगनमध्ये असतो, अशीच जोडी घेऊन सहा उन्हाळे लेक सेंट क्लेअरला जातोय, आणि मी हे नेमकं उलट्या क्रमाने केलं होतं.

घाटात ट्रकला जादा पाटे चढवलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. गाडी दबायची थांबते, पण एक्सल, टायर, ब्रेक जुनेच. एअर बॅग म्हणजे हवेचा जादा पाटा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील तो आकडा चिकटवलेला असतो, तो बॅगेने एका पाउंडानेही वाढत नाही. आणि ट्रेलरचा जो भार हिचवर (ट्रकच्या मागच्या जोडणीवर) पडतो तो याच आकड्यातून वजा होतो, हे बरेच जण विसरतात. मीही विसरलो होतो.

हायवेवरच्या ट्रक स्टॉपला काटा असतो. आधी बोटीसकट उभे राहा, मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक चढवा. पहिल्या वेळच्या ट्रकच्या दोन्ही एक्सलच्या बेरजेतून दुसऱ्या वेळची बेरीज वजा केली की हिचवरचा भार मिळतो. माझा निघाला 710 पाउंड! बोट, ट्रेलर, पेट्रोल सगळं मिळून 5,200. दारावर 1,540 लिहिलेलं, आम्ही चौघं 620, मागच्या डाल्यातलं सामान 200. म्हणजे शिल्लक दहा पाउंड, आणि मी बॅगांत 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून गाडी सरळ दिसतेय म्हणून खूश.

दोष बोट ट्रेलरवर कशी बसलीय यात होता. कूलर, नांगर, दोरखंड सगळं बोटीच्या नाकात कोंबलेलं आणि बोटही जरा जास्तच पुढे ओढलेली. सामान मागे नेलं, विंचचा (बोट ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब सैल करून पाच इंच मागे सरकवला, भार 570 च्या आसपास आला. मात्र खांब मागे घेताना बोटीचा मागचा काठ ट्रेलरच्या लाकडी पट्ट्यांवर टेकलेलाच राहिला पाहिजे. तो बाहेर लोंबकळला तर तळाची वाट लागते. आणि भार फार कमी करायच्या भानगडीत पडू नका, हलक्या नाकाचा ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो. आता मला 25 पीएसआय पुरतात. 60 वर आय-94 हायवेचे खड्डे थेट कमरेत यायचे.

अजून एक गोष्ट बॅग करत नाही. तुमच्या ट्रकचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) 145 इंच आणि हिचचा बॉल (ट्रेलर अडकवायचा गोळा) मागच्या एक्सलच्या 48 इंच मागे धरला, तर 570 पाउंडाचा भार तरफेसारखा पुढच्या चाकांवरचे सुमारे 190 पाउंड उचलतो. मागच्या एक्सलवर 760 पडतात. हवेने मागची बाजू उंच केली तरी हे 190 पुढे परत येत नाहीत. स्टिअरिंग हलकं वाटत असेल तर उपाय वेट डिस्ट्रिब्युशन हिचचा, म्हणजे भार पुढच्या चाकांवरही वाटून देणाऱ्या हिचचा. तुमच्या ट्रेलरला सर्ज ब्रेक (ट्रेलर पुढे रेटला की आपोआप लागणारे) असतील, बोटींना बहुधा तेच असतात, तर त्यांच्यासोबत चालणारंच हिच विचारून घ्या. ते बसवताना बॅगांत अगदी कमी हवा ठेवा, आधी हिच जुळवा, मग हवा. उलट केलंत तर हिचला उचलायला काही उरतच नाही.

बसवताना डाव्या-उजव्या बॅगेच्या नळ्या वेगळ्या ठेवा. एकत्र जोडल्या तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी जास्त कलते. नळी सायलेन्सरच्या पाइपपासून लांब न्या. माझी पहिली वितळली होती, शनिवारी सकाळी, सगळे गाडीत बसल्यावर. केबिनमधून चालणारा कॉम्प्रेसर मी तरी घेणार नाही. हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ आणि उन्हाळ्यात बोट उतरवायच्या रॅम्पवरचं पाणी यात तो किती टिकणार? नंबर प्लेटजवळ साधे वॉल्व्ह आणि छोटा पंप बास. ट्रक रिकामा असतानाही पाचेक पीएसआय राहू द्या, नाहीतर बॅग चिमटते.

घरी परतल्यावर ट्रेलरचा जॅक टेकवला की पाचेक पीएसआय ठेवून बॅगांतली बाकीची हवा सोडा. पण त्याने बॉल आपोआप सुटत नाही, त्याला धरणाऱ्या कपलरची कडी उघडून जॅकने ट्रेलरचं नाक उचलावंच लागतं.